श्रीलंकेचा चहा : किती विकला, किती विकत घेतला



भूगोलाच्या पेपरात 'श्रीलंकेची प्रमुख निर्यात कोणती?' असे विचारले की तुम्ही सगळे 'चहा' लिहून मोकळे होता. तपासणारा एक गुण देतोही. खरे पाहता हे उत्तर आता जुने झाले आहे. आज श्रीलंकेच्या निर्यातीत पहिला क्रमांक तयार कपड्यांचा आहे आणि चहा त्याच्या बराच मागे आहे. १९६० च्या दशकात मात्र त्या देशाच्या निर्यातीच्या उत्पन्नातला निम्म्याहून जास्त वाटा एकट्या चहाचा होता. आपली पाठ्यपुस्तके त्याच काळात कुठेतरी थांबली असावीत.

या अंकात आपण फक्त चहा घेऊन आयात-निर्यात हा धडा समजून घेऊ. इयत्ता नववीपासून पुढच्या मुलांनी हा लेख पेन्सिल हातात घेऊन वाचावा. मधेमधे लहान हिशेब आहेत, ते स्वतः करून पाहावेत.

आधी देश केवढा ते पाहू. श्रीलंकेचे क्षेत्रफळ सुमारे ६५,६०० चौरस किलोमीटर आहे. आपल्या मध्य प्रदेशाचे पाच भाग केले तर त्यातल्या एका भागापेक्षा थोडे जास्त. लोकसंख्या सव्वादोन कोटींच्या आत. एवढ्याशा देशाने २०२४ साली सुमारे साडेचोवीस कोटी किलो चहा बाहेर विकला आणि त्यातून १.४३ अब्ज डॉलर मिळवले. (एक अब्ज म्हणजे शंभर कोटी.) त्याच वर्षी आपल्या अवाढव्य भारताची चहाची निर्यात साडेपंचवीस कोटी किलोंच्या आसपास होती. म्हणजे दोघे जवळपास बरोबरीत. फरक उत्पादनात आहे. भारतात त्या वर्षी सुमारे १२८ कोटी किलो चहा पिकला आणि त्यातला बहुतेक आपणच पिऊन टाकला. श्रीलंकेत पिकला सुमारे २६ कोटी किलो, आणि त्यातला नव्वद टक्क्यांहून जास्त जहाजात चढला.

यावरून पहिली गोष्ट लक्षात घ्या. जो देश सगळ्यात जास्त पिकवतो तो सगळ्यात जास्त निर्यात करतोच असे नाही. निर्यात म्हणजे पिकवले ते वजा खाल्ले-प्यायले ते. आपल्याकडे सकाळचा, दुपारचा, पाहुण्यांचा आणि पाहुणे गेल्यानंतरचा असे चहा होतात. ते वजा केल्यावर उरणार किती?

कॉफीच्या जागी चहा

श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, मुळात चहाचा व्यापार नव्हताच. इंग्रजांनी १८१५ मध्ये कँडीचे राज्य घेतले आणि पुढच्या काही दशकांत डोंगरांवरचे जंगल तोडून कॉफी लावली. कॉफीवर सिलोन श्रीमंत झाले. मग १८६९ मध्ये कॉफीच्या पानांवर नारिंगी भुकटीसारखे डाग दिसू लागले. हा तांबेरा नावाचा बुरशीचा रोग होता. आपल्याकडे गव्हावर तांबेरा पडतो, त्याच कुळातला. पाहता पाहता मळेच्या मळे वाळले आणि पंधरा-वीस वर्षांत कॉफीचा धंदा बसला.

त्याच सुमारास जेम्स टेलर नावाचा एक स्कॉटिश मळेवाला कँडीजवळच्या लूलेकोंडेरा या ठिकाणी चहाचा प्रयोग करत होता. त्याने १८६७ मध्ये एकोणीस एकरांत चहा लावला. पाने हाताने, व्हरांड्यातल्या टेबलावर मळून तो चहा तयार करी. १८७३ मध्ये त्याचा २३ पौंड चहा लंडनला गेला. २३ पौंड म्हणजे साडेदहा किलोंच्या आतच! आजच्या साडेचोवीस कोटी किलोंची सुरुवात या एवढ्याशा मालापासून झाली. १८८३ मध्ये कोलंबोत चहाचा पहिला लिलाव झाला. तो लिलाव आजही चालू आहे आणि जगातल्या मोठ्या चहा-लिलावांमध्ये त्याची गणना होते. १८९० मध्ये थॉमस लिप्टन हा ग्लासगोचा किराणा व्यापारी सिलोनला आला. पडत्या भावात त्याने मळे विकत घेतले आणि मधले दलाल वगळून चहा थेट आपल्या दुकानांत विकू लागला. मळा कोणाचा आणि डबा कोणाचा, यातला फायदा त्याने नेमका ओळखला होता. या मुद्द्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

१९७२ मध्ये सिलोनचे नाव श्रीलंका झाले. देशाने नाव बदलले, पण चहाचे नाव 'सिलोन टी' असेच ठेवले, कारण परदेशी गिऱ्हाईक त्याच नावाला ओळखत होते. व्यापारात ओळख ही सुद्धा एक पुंजी असते.

आपला चहा आणि त्यांचा चहा

आपल्या घरी डब्यात जी दाणेदार चहापत्ती असते ती सी.टी.सी. पद्धतीची. यंत्राच्या दातेरी रोलरमधून पान चिरडले, फाडले आणि वळवले जाते. ही पद्धत १९३० च्या सुमारास आसामात निघाली. तिचा चहा चटकन उतरतो, रंग गडद येतो आणि दूध-साखर घातली तरी चव टिकून राहते. माळव्यात आले कुटून घातलेला जो चहा आपण पितो, त्याला हाच माल पाहिजे.

श्रीलंकेत मात्र नव्वद टक्क्यांहून जास्त चहा जुन्या, 'ऑर्थोडॉक्स' पद्धतीने करतात. पान आधी सुकत ठेवायचे, मग पिळायचे, हवेत तांबूस होऊ द्यायचे, भट्टीत वाळवायचे आणि चाळण्यांवर प्रत लावायची. ओ.पी., बी.ओ.पी., डस्ट या अक्षरांतून प्रत कळते. हा चहा बिनदुधाचा, काचेच्या पेल्यातून पिणाऱ्यांचा. इराक, तुर्कस्तान, इराण, अझरबैजान, रशिया, लिबिया येथे असाच चहा पितात. म्हणूनच श्रीलंकेच्या गिऱ्हाइकांच्या यादीत ही नावे दिसतात. अलीकडच्या वर्षांत इराक वरच्या क्रमांकावर आहे. एके काळी सगळ्यात मोठे गिऱ्हाईक असलेले इंग्लंड आता बरेच खाली गेले आहे.

भारत आणि श्रीलंका यांच्यात १९९८ मध्ये मुक्त व्यापार करार झाला आणि २००० पासून तो लागू झाला. त्यात श्रीलंकेचा दीड कोटी किलोपर्यंत चहा सवलतीच्या जकातीवर भारतात येऊ शकतो, अशी तरतूद आहे. तरीही आपल्या किराण्याच्या दुकानात श्रीलंकेचा चहा सहसा दिसत नाही. दरवाजा उघडला तरी पाहुणा येतोच असे नाही. भाव त्याचा जास्त आणि चव आपल्या दुधाला न मानवणारी.

आता एक हिशेब करा. १.४३ अब्ज डॉलरला साडेचोवीस कोटी किलोंनी भागा. किलोला पाच डॉलर ऐंशी सेंटच्या आसपास येतील. भारताच्या निर्यात झालेल्या चहाला त्या वर्षी किलोमागे सरासरी २८० रुपयांच्या जवळपास, म्हणजे साधारण सव्वातीन डॉलर मिळाले. वजन जवळपास सारखे, पण पैसे मात्र दीडपटीहून जास्त. एक कारण चहाच्या जातीत आणि चवीत आहे. दुसरे कारण असे की श्रीलंका बराच चहा पोत्यात न विकता पाकिटे, डबे आणि धाग्याच्या पुड्या करून विकते. मेरिल फर्नांडो या चहा-पारख्याने १९८० च्या दशकात आपल्या दोन मुलांच्या, दिलहान आणि मलिक यांच्या नावांवरून 'दिलमा' हा छाप काढला आणि तो परदेशी दुकानांत नेऊन बसवला. लिप्टनने जे बाहेरून येऊन केले, तेच मळ्याच्या देशातल्या माणसाने शंभर वर्षांनी केले. फर्नांडो २०२३ मध्ये वारले.

चहा पिकवणाऱ्या देशाने चहा आयात करावा का?

हा प्रश्न ऐकून वर्गात हसू येईल. पण श्रीलंकेत यावर वर्षानुवर्षे मोठा वाद चालू आहे.

तिथले काही निर्यातदार म्हणतात: परदेशी गिऱ्हाइकाला नुसता सिलोन चहा नको असतो, त्याला मिश्रण पाहिजे असते. थोडा केनियाचा, थोडा आसामचा, थोडा चीनचा. आम्हाला बाहेरचा स्वस्त चहा मोकळेपणाने आणू द्या. आम्ही तो इथे मिसळू, पाकिटात भरू आणि पुन्हा निर्यात करू. काम इथल्या मजुराला मिळेल, नफा इथे राहील.

मळेवाले आणि लहान शेतकरी म्हणतात: आज मिसळाल, उद्या स्वस्त चहा 'सिलोन' म्हणून खपवाल. नाव बुडाले की आमचा किलोमागचा जास्तीचा भाव गेला.

सरकारने मधला मार्ग धरला. चहाची आयात बंद नाही, पण परवान्याशिवाय होत नाही आणि ती एकूण निर्यातीच्या मानाने फारच थोडी आहे. जो चहा येतो तो बहुतेक मिसळून पुन्हा बाहेर जातो. त्याचबरोबर तलवार धरलेल्या सिंहाचे एक चिन्ह आहे. ज्या पाकिटात शंभर टक्के श्रीलंकेचाच चहा आहे आणि जे श्रीलंकेतच भरले आहे, त्यालाच चहा मंडळ ते चिन्ह लावू देते. मिसळलेल्या पाकिटाला सिंह नाही.

निर्यातदारांची बाजू अगदीच पोकळ आहे असे मात्र समजू नका. दुबई पाहा. तिथे वाळवंट आहे, चहाचा मळा नाही. पण २००५ मध्ये त्यांनी चहाचे एक केंद्र उघडले. केनिया, भारत, श्रीलंका अशा अनेक देशांचा चहा तिथे येतो, गोदामात राहतो, मिसळला जातो, पाकिटात भरला जातो आणि पुन्हा जहाजात चढतो. याला पुनर्निर्यात म्हणतात. एक रोपही न लावता तो देश चहाच्या निर्यातदारांमध्ये मोजला जातो. यातून पक्की खूणगाठ बांधा की निर्यातीचा आकडा म्हणजे त्या देशाचे पीक नव्हे.

आणि नाव बुडण्याची शेतकऱ्यांची भीतीही खोटी नाही. दार्जिलिंगचे मळेवाले गेली बरीच वर्षे हीच तक्रार करतात, की नेपाळचा चहा येतो आणि दार्जिलिंगच्या नावाने विकला जातो. या वादात माझे मत शेतकऱ्यांच्या बाजूचे आहे. वाणिज्याचे जे शिक्षक दुसऱ्या बाजूचे असतील त्यांनी पुढच्या अंकात अवश्य लिहावे.

तेलाचे देणे आणि चहाची पोती

आयात-निर्यातीचा सगळ्यात जुना प्रकार म्हणजे वस्तूच्या बदल्यात वस्तू. बाराबलुतेदारीत सुताराला धान्य मिळे, तसा. तो प्रकार इतिहासजमा झाला, असे आपण शिकवतो. पण ऐका.

श्रीलंकेने २०१२ मध्ये इराणकडून खनिज तेल घेतले होते. त्यातले सुमारे २५ कोटी डॉलर देणे राहिले. इराणवर अमेरिकेचे निर्बंध असल्याने बँकेतून पैसे पाठवणे अवघड होते. शेवटी डिसेंबर २०२१ मध्ये करार झाला की श्रीलंका दरमहा ५० लाख डॉलरचा चहा इराणला पाठवील आणि तेवढे देणे फिटत जाईल. श्रीलंकेतल्या निर्यातदाराला त्याचे पैसे देशातच, देशाच्या रुपयांत मिळतील. डॉलरला हात लावायचा नाही. देशाच्या तिजोरीत तेव्हा डॉलर उरलेही नव्हते. पुढे देशात आर्थिक संकट कोसळले आणि चहा प्रत्यक्ष जायला २०२३ उजाडले. २५ कोटींना ५० लाखांनी भागून पाहा. न चुकता चहा पाठवला तरी पन्नास महिने लागतात. एकदा जाळलेल्या तेलासाठी चार वर्षांहून अधिक काळ चहा खुडायचा.

दुसरी गोष्ट रशियाची. डिसेंबर २०१७ मध्ये रशियात पोचलेल्या श्रीलंकेच्या चहाच्या मालात एक किडा सापडला. खापरा भुंगेरा असे त्याचे नाव आहे, आणि तो साठवलेल्या धान्याचा शत्रू आहे. रशियाने श्रीलंकेच्या चहाची आयात थांबवली. मोठे गिऱ्हाईक, त्यामुळे कोलंबोत धावपळ उडाली. आता गंमत पाहा. श्रीलंकेने त्याच सुमारास आरोग्याच्या कारणावरून ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांवर बंदी आणायचे ठरवले होते, आणि ॲस्बेस्टॉसचा मोठा विक्रेता होता रशिया. श्रीलंकेने आपली ती बंदी पुढे ढकलली आणि महिना संपायच्या आत चहाचा मार्ग पुन्हा मोकळा झाला. किड्याचा आणि पत्र्याचा संबंध होता की नाही, यावर दोन्ही सरकारे काय म्हणतात ते बाजूला ठेवा. वर्तमानपत्रांनी तो संबंध तेव्हाच जोडला होता. लहान देशाला आपल्या घरावर कोणते छप्पर घालायचे हे ठरवतानाही चहाच्या गिऱ्हाइकाचे तोंड पाहावे लागते.

खताची बंदी

आमचे कॉलेजचे अर्थशास्त्र हिंदी माध्यमातून झाले. तिथे 'व्यापार संतुलन' हा शब्द होता. मराठी पुस्तकांत त्याला 'व्यापारतोल' म्हणतात, आणि मला तो जास्त आवडतो. डोळ्यांपुढे तराजू उभा राहतो. एका पारड्यात निर्यात, दुसऱ्यात आयात. श्रीलंकेचा तराजू २०२४ मध्ये असा होता: निर्यात सुमारे १२.८ अब्ज डॉलर, आयात सुमारे १८.८ अब्ज डॉलर. सहा अब्जांची तूट. ती बहुतांशी परदेशात कामाला गेलेल्या लोकांनी घरी पाठवलेल्या पैशांनी आणि पर्यटकांनी भरून काढली. चहाचे १.४३ अब्ज या सगळ्यात केवढे? त्या वर्षीच्या इंधनाच्या आयातीच्या साधारण एक तृतीयांश. देशभराचा वर्षभराचा चहा विकून चार महिन्यांचे तेल येते.

अशा देशात आयात कमी करावीशी वाटणे साहजिक आहे. मे २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांच्या सरकारने रासायनिक खते आणि कीटकनाशकांच्या आयातीवर एकदम बंदी घातली. कारण सांगितले लोकांच्या आरोग्याचे आणि सेंद्रिय शेतीचे. पण खताचे डॉलर वाचवण्याचा विचारही त्यामागे होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

कागदावर हिशेब सरळ दिसतो: आयात थांबली, डॉलर वाचले. पण चहाचे झुडूप वर्षभर पाने देते, त्याला वर्षभर खाऊ घालावे लागते. खत थांबले तरी झुडूप लगेच रुसत नाही. २०२१ मध्ये उत्पादन जवळपास ३० कोटी किलो झाले, म्हणजे आदल्या वर्षापेक्षाही जास्त. फटका २०२२ मध्ये दिसला. उत्पादन २५ कोटींवर आले. (२०१३ मध्ये हाच आकडा ३४ कोटी किलो होता.) त्या वर्षी डिझेल आणि विजेची टंचाईही होती, म्हणून सगळे खापर खतावर फोडता येणार नाही. सरकारने बंदी नोव्हेंबर २०२१ मध्येच मागे घेतली, पण तोवर जगात खताचे भाव चढले होते आणि देशाकडे डॉलर नव्हते. एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परदेशी कर्जाचे हप्ते थांबवल्याचे जाहीर केले. जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले आणि त्यांनी राजीनामा दिला.

यात शिकण्यासारखे हे की निर्यातीच्या पोटात आयात लपलेली असते. श्रीलंकेचा चहा म्हणजे फक्त श्रीलंकेची माती आणि पाऊस नाही. त्यात बाहेरचे खत आहे, पाला वाहून नेणाऱ्या ट्रकचे बाहेरचे डिझेल आहे, पुडीचा बाहेरचा गाळण-कागद आहे. आयातीचे पारडे हलके करायला गेलात तर कधी कधी निर्यातीचे पारडेही वर उचलले जाते.

वरच्या वर्गांसाठी आणखी एक गोष्ट. निर्यात झालेला चहा २०२१ मध्ये सुमारे २८.६ कोटी किलो होता, तो २०२२ मध्ये २५ कोटींवर आला. डॉलरमधले उत्पन्न १.३२ अब्जांवरून १.२६ अब्जांवर आले. पण श्रीलंकेच्या रुपयांत पाहिले तर हेच उत्पन्न सुमारे २६ हजार कोटींवरून ४१ हजार कोटींवर गेले! कारण डॉलर दोनशे रुपयांचा होता तो साडेतीनशेच्या वर गेला. कोणी फक्त रुपयांचा तक्ता पुढे ठेवला तर वाटेल, वा, निर्यात काय वाढली! तक्ता वाचताना आधी डोक्यावरची ओळ वाचा. आकडे कशात दिले आहेत, किलोत, डॉलरमध्ये की रुपयांत?

पान खुडणारे हात

आतापर्यंत आपण पोत्यांचा हिशेब केला. आता माणसांचा.

कॉफीच्या मळ्यांसाठी इंग्रजांनी तमिळ प्रांतातून मजूर आणले. कॉफीची तोडणी हंगामी, म्हणून बरेच मजूर येत-जात. चहाला बारा महिने हात लागतात, म्हणून चहा आल्यावर ही कुटुंबे मळ्यावरच राहू लागली. एका रांगेत, एकाला एक लागून असलेल्या खोल्यांत. तशा खोल्या आजही पुष्कळ मळ्यांवर आहेत. पान खुडण्याचे काम मुख्यतः बायका करतात.

१९४८ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी झालेल्या नागरिकत्वाच्या कायद्याने या मजुरांपैकी बहुतेकांना नागरिक मानले नाही. पिढ्यान् पिढ्या तिथे राहिलेले लाखो लोक कोणत्याच देशाचे उरले नाहीत. १९६४ मध्ये आपले पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणि सिरीमावो बंदरनायके यांच्यात करार झाला. ९ लाख ७५ हजार माणसांची वाटणी ठरली: ५ लाख २५ हजार भारताने घ्यायचे, ३ लाख सिलोनने ठेवायचे, उरलेल्यांचे पुढे पाहू. ज्यांनी भारत कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता असे लोक रामेश्वरमला उतरले. त्यांच्यातल्या काहींना काम देण्यासाठी तमिळनाडू सरकारने १९६८ पासून नीलगिरीत चहाचे मळे लावले. म्हणजे आजोबांना चहासाठी तिकडे नेले आणि नातवांना पुन्हा चहावरच इकडे आणले. तिकडे राहिलेल्यांचा नागरिकत्वाचा प्रश्न सुटायला २००३ चा कायदा यावा लागला. आयात आणि निर्यात हे शब्द माणसांबद्दल वापरू नयेत, पण या करारातले आकडे वाचताना दुसरे शब्द सुचत नाहीत.

आज तिथला सुमारे तीन-चतुर्थांश चहा मोठ्या मळ्यांतून येत नाही. तो दहा एकरांच्या आतल्या लहान शेतकऱ्यांकडून येतो. ते हिरवा पाला कारखान्याला विकतात. मोठ्या मळ्यावरच्या मजुराची रोजची किमान मजुरी २०२१ मध्ये हजार रुपये आणि २०२४ मध्ये १,३५० रुपये ठरली. हे रुपये श्रीलंकेचे. तेव्हाच्या दराने १,३५० रुपये म्हणजे साधारण साडेचार डॉलर.

शेवटचा हिशेब तुमच्यावर सोडतो. वर्गवार गट करून सोडवा आणि भूगोलाच्या तासाला वही घेऊन या.

एक बाई दिवसाला १८ किलो हिरवा पाला खुडते. साडेचार किलो पाल्याचा एक किलो चहा होतो. निर्यातीत किलोला सरासरी ५ डॉलर ८० सेंट मिळतात. (अ) तिच्या एका दिवसाच्या पाल्याचा चहा परदेशी किती डॉलरला विकला गेला? (आ) त्यातले शेकडा किती तिच्या हाती आले? (इ) उरलेले पैसे कोणाकोणाकडे गेले असतील, याची यादी करा. खत, डिझेल, सरपण, कारखाना, दलाल, पाकीट, जहाज यांतले काहीही विसरू नका, आणि त्यातले कोणते खर्च परकी चलनात द्यावे लागतात त्यांच्यापुढे खूण करा. (ई) घरच्या चहापत्तीच्या पाकिटावर ती कुठे पिकली आणि कुठे भरली गेली, हे दोन्ही लिहिले आहे का ते पाहा. ज्यांच्या घरी सुटी चहापत्ती येते त्यांनी दुकानदाराला विचारून यावे.